फेऱ्यात अडकलेले पाणी

मोटारसायकलला पाणी लागते, ही गोष्ट आपल्याकडच्या रस्त्यांसाठी तशी नवीनच आहे. 1990च्या सुमारास पुणे–सोलापूर महामार्गावर, यवतच्या पुढे भांडगावच्या फाट्यावर उभे राहिले असते, तर समोरून कोणत्या दुचाक्या गेल्या असत्या? बजाजची चेतक, एम-80, कायनेटिकची लूना, राजदूत, येझदी, हिरो होंडाची सीडी-100, नशीब असेल तर एखादी आरएक्स-100. यांच्यापैकी एकीच्याही इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ कडा आणि त्यांच्यावरून जाणारा वारा, एवढीच व्यवस्था. चेतकचे इंजिन पत्र्याआड झाकलेले, म्हणून तिला वारा घालायला फ्लायव्हीलवर पंखा होता. बाकीच्यांना रस्त्यावरचा वारा पुरे.

आज त्याच फाट्यावरून कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी पोरे स्पोर्ट बाईकवर जातात. पुढच्या चाकामागे रेडिएटर, त्याच्यामागे पंखा, बाजूला प्लॅस्टिकची छोटी टाकी, आणि हे सगळे रंगीत फेअरिंगच्या आत दडलेले. या गाड्यांबरोबर गॅरेजात एक नवी तक्रार आली: कूलंट कमी होते, पण गळती दिसत नाही.

ही तक्रार नवी असली तरी तिच्यामागचा इतिहास जुना आहे. त्याची सुरुवात मोटारसायकलपासून होत नाही. ती विहिरीपासून होते.

दौंड तालुक्यातल्या ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांनी पाण्यावर थंड होणारे एक सिलिंडरचे इंजिन लहानपणीच पाहिलेले असते. विहिरीच्या काठावर चबुतऱ्यावर बसवलेले, हँडल मारून चालू करायचे, ठक-ठक आवाज करणारे डिझेल इंजिन. महाराष्ट्राला ही इंजिने परकी नव्हती. सातारा रोडच्या कूपर कारखान्यात 1930च्या दशकातच डिझेल इंजिने बनत होती, आणि 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. मोट मागे पडली आणि विहिरीवर ही इंजिने आली. त्यातल्या बऱ्याच इंजिनांना थंड ठेवण्याची रीत फार सोपी होती. पंपाने विहिरीतून उपसलेल्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनाच्या पोटातून फिरवायची आणि गरम होऊन बाहेर पडलेले पाणी पाटात सोडायचे. थंडीच्या दिवसांत त्या धारेखाली हातपाय धुवायला माणसे थांबत.

त्या इंजिनाची गळती कोणी शोधत बसत नसे. पाइपाच्या जोडातून थोडे पाणी गेले तर गेले. विहीर भरलेली आहे तोवर मागून नवे पाणी येतच होते. वाहत्या पाण्याची गळती नुकसान करते, पण जीव घेत नाही.

मोटारसायकलीत मात्र पाणी वाहत नाही, ते फिरते. एक ते दीड लिटर द्रव, तोच, पुन्हा पुन्हा: सिलिंडरभोवतून, डोक्यातून, थर्मोस्टॅटमधून, रेडिएटरमधून आणि पंपातून परत सिलिंडरकडे. बाहेरून नवा थेंब आत येत नाही. म्हणून आतला थेंब बाहेर जाणे हा इथे आजार ठरतो. गळतीचे निदान ही स्वतंत्र विद्या झाली ती पाणी असे फेऱ्यात अडकल्यामुळे.

दुचाकीत हा फेरा प्रथम कोणी बसवला, याच्या वादात न पडता एवढे सांगता येते की इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या आल्फ्रेड अँगस स्कॉट या माणसाने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पाण्यावर थंड होणारी टू-स्ट्रोक मोटारसायकल विकायला काढली, आणि तिने 1912 व 1913 अशी सलग दोन वर्षे आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. तरीही पुढची पन्नास-साठ वर्षे बहुतेक कारखाने वाऱ्यावरच राहिले. पाणी म्हणजे वजन, खर्च आणि भानगडी. 1971 साली सुझुकीने जीटी-750 ही मोठी, पाण्याची गाडी काढली तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी तिला पाणम्हैस म्हटले आणि इंग्लंडमधल्यांनी किटली. दोन्ही नावे प्रेमाची, पण टिंगलीचीही.

आपल्या बाबतीत तर गंमतच झाली. 1980 साली यामाहाने आरडी-350ची पाण्यावर थंड होणारी आवृत्ती काढली. तिच्या नावातल्या एलसी या दोन अक्षरांचा अर्थच लिक्विड कूल्ड. त्यानंतर तीन वर्षांनी, 1983मध्ये, एस्कॉर्ट्सने भारतात राजदूत 350 आणली ती मात्र आधीची, वाऱ्यावरची आरडी. जगाने टाकून दिलेले आपल्याला मिळाले, असे काही जण आजही म्हणतात. मला ते पटत नाही. त्या काळात गावोगावच्या गॅरेजांत कूलंट नव्हते, पंपाचे सील नव्हते, आणि मायलेज हा खरेदीचा पहिला प्रश्न होता. वाऱ्याची गाडी बिघडली तरी घरी आणता येत असे.

2008 साली यामाहाची आर-15 आली आणि चित्र बदलले. दीडशे सीसीच्या छोट्या इंजिनात चार व्हॉल्व्ह, आणि रेडिएटर. कॉलेजच्या पोराला हप्त्यावर का होईना पण परवडेल अशा गाडीत पाणी आले. पुण्याच्या बाजूने पाहिले तर 2007च्या अखेरीस बजाज ऑटोने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला होता. त्या भागीदारीतून चाकणला बनलेली ड्यूक 200 जानेवारी 2012मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी पल्सर 200 एनएस आली. 2014मध्ये आरसी 200 आणि आरसी 390, 2015मध्ये पल्सर आरएस 200. सात-आठ वर्षांत हे सगळे घडले. चाकण भांडगावपासून काही तासांच्या अंतरावर. गाड्या तिथून निघाल्या आणि पाच-सहा वर्षे वापरून झाल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या हाताने आमच्या बाजूच्या पोरांकडे आल्या. गळती सुरू होण्याचे वयही साधारण तेच असते.

आता त्या फेऱ्याकडे जरा जवळून पाहू.

भांडगावची समुद्रसपाटीपासूनची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथे उघड्या पातेल्यात पाणी सुमारे 98 अंश सेल्सिअसला उकळते. शंभरी गाठायला पाहणाऱ्या इंजिनाला हे परवडणारे नाही. म्हणून दोन युक्त्या केल्या गेल्या. पहिली, पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळणे. हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ वुर्ट्झ याने 1856 साली प्रथम तयार केला. त्याच्या मिश्रणाने उकळबिंदू वर जातो, गोठणबिंदू खाली जातो, आणि सोबत घातलेली रसायने ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतात. दुसरी युक्ती कुकरची. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती आत वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली नुसते पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे झाकण हे नुसते झाकण नाही, ते यंत्राचा एक भाग आहे. गरम गाडीचे झाकण उघडणे म्हणजे शिटी न काढता कुकर उघडणे. चेहरा आणि हात भाजून घेतलेली पोरे प्रत्येक मिस्त्रीने पाहिलेली असतात.

याच झाकणात निदानाची पहिली फसगत आहे. गाडी तापली की द्रव फुगतो आणि झाकणातून टाकीत जातो. निवली की पोकळी तयार होते आणि टाकीतला द्रव परत ओढला जातो. मधली रबरी नळी चिरलेली असेल तर परतीला द्रवाऐवजी हवा ओढली जाते. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. टाकीवरच्या रेषा पाहून निश्चिंत राहणाऱ्याचे इंजिन असे जाते. उलट झाकणाची स्प्रिंग मऊ पडली असेल तर कुठेच गळती नसते, पण द्रव लवकर उकळून टाकीवाटे बाहेर सांडतो आणि मालक महिनाभर पाइप तपासत बसतो.

दुसरी फसगत फेअरिंगची. साध्या गाडीत थेंब जिथून निघतो त्याच्या जवळपास दिसतो. स्पोर्ट बाईकचे प्लॅस्टिक थेंबाला वळवून भलतीकडे नेते, किंवा खालच्या पन्हळीत साठवून गरम इंजिनाच्या झळीत वाळवून टाकते. शिवाय गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली. उजवीकडची गळती डावीकडच्या फरशीवर ठिबकते. खडकवासल्याच्या कालव्याकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कालव्याला पाझर एका जागी असतो आणि गवत हिरवे होते चार वावरे खाली.

इथे भाषेच्या मास्तराला थोडे बोलू द्यावे. उर्दूत यासाठी सरसकट रिसाव हा शब्द चालतो. मराठीत मात्र ठिबकणे, ओघळणे, पाझरणे, झिरपणे हे चार वेगळे शब्द आहेत, आणि आमच्याकडचे मिस्त्री ते वेगळेच वापरतात. ठिबकत असेल तर पाइपाची पट्टी सैल आहे किंवा रबर कडक झाले आहे. ओघळ सुकून रंगीत पापुद्रा दिसत असेल तर त्या पापुद्र्याच्या वरच्या टोकाला जा. मूळ वरच असते. रेडिएटरच्या जाळीत ओल पाझरत असेल तर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा लागलेला असतो. आणि झिरप म्हणजे सगळ्यात वाईट: सिलिंडर आणि डोके यांच्यामधल्या गॅस्केटमधून पाणी आतच जाते. बाहेर काही दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, गाडी पाणी पितेय. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड गाडी झाकण उघडून चालू केली तर रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, आणि ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा, ही त्याची लक्षणे. फारसीत पाण्याला आब म्हणतात. तोच शब्द मराठीत येऊन अब्रूच्या अर्थाने बसला, आब राखणे. गाडी पाणी प्यायला लागली की मालकाचा आबही महिन्याभरात जातो, कारण इंजिन उघडण्याचा खर्च हप्त्याच्या कित्येक पट असतो.

हे निदान करणारी माणसे कुठून आली? कंपनीच्या वर्कशॉपमधून थोडी. महामार्गावरच्या गॅरेजांत मात्र ही विद्या ट्रककडून आली. ट्रकचे जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. भोक पडले की रेडिएटरवाला तो खाली उतरवी, तोंडे बंद करून हौदात बुडवी, हवा भरी आणि बुडबुडा कुठून येतो ते पाही. मग जागा घासून, नवसागर लावून कथील-शिशाचा डाग देई. हे हात आपण ओळखतो. भांड्यांना कल्हई लावणाऱ्यांचे सामानही हेच होते: कथील, नवसागर, भाता. महाराष्ट्रातल्या कल्हईवाल्यांमध्ये मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने होते. स्टीलची भांडी आली आणि कल्हई संपली, तेव्हा ज्यांच्या हाताला कथलाची सवय होती त्यांना रेडिएटरचे काम परके वाटण्याचे कारण नव्हते. मुसलमान पोरे गॅरेजातच का दिसतात, असे काही लोक खवचटपणे विचारतात. उत्तराचा एक भाग बेकारीत आहे, शाळा अर्धवट सुटण्यात आहे, हे मला मान्यच करावे लागते. पण दुसरा भाग या कथलात आहे, आणि तो कोणी लिहून ठेवत नाही.

स्पोर्ट बाईकने यातले अर्धे काम काढून घेतले. तिचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि साधा कथलाचा डाग त्यावर धरत नाही. त्यात आमच्या उसाच्या पट्ट्यातले बोअरचे पाणी क्षारांचे. घरातल्या बंबाला पांढरा थर चढतो तसाच थर कूलंटऐवजी हे पाणी ओतल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, आणि धातूही आतून खातो. भोक पडले की बहुधा नवाच बसवावा लागतो. दुरुस्तीची कला गेली. राहिली ती पाहण्याची कला, आणि तिला पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. सामान बदलले तर पैसे देतात. तास-दीड तास नुसते बघितले, त्याचे काय द्यायचे, असा प्रश्न पडतो.

या पाहण्यात सगळ्यात अवघड जागा पंपाची. पंपाच्या दांड्याचे एक टोक ऑइलमध्ये आणि दुसरे कूलंटमध्ये असते. दांडा तर फिरायला हवा, आणि त्याच्या कडेने थेंबही जायला नको. ही अडचण आठशे वर्षांपूर्वीही होतीच. दियारबकरच्या आर्तुकी दरबारातल्या अल-जजरीने 1206 साली पुऱ्या केलेल्या यंत्रांवरच्या ग्रंथात दोन सिलिंडरच्या पंपाचे वर्णन आहे. त्याच्या दट्ट्यात तांब्याच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये गुंडाळलेला तागासारखा दोर, पाणी कडेने निसटू नये म्हणून. अल-जजरीने सगळे आधीच शोधले होते, अशा मजकुराचे फॉरवर्ड आपल्या गटांत फिरत असतात. त्यात मला रस नाही. मला त्या दोरात रस आहे, कारण तो आजही भांडगावात मिळतो. विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमध्ये शेतकरी जी दोरी भरतो ती त्याच कुळातली. ती दोरी थोडी ठिबकलीच पाहिजे, हे त्याला ठाऊक असते. नट फार आवळला तर दांडा जळतो.

मोटारसायकलच्या पंपात दोरी नाही. तिथे दोन गुळगुळीत चकत्या, बहुधा एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, स्प्रिंगच्या जोराने एकमेकींवर दाबलेल्या असतात. त्यांच्यामागे ऑइल अडवणारे वेगळे सील. आणि दोन्हींच्या मध्ये पंपाच्या अंगातून खाली निघणारे एक बारीक छिद्र, मुद्दाम ठेवलेले. त्यातून कूलंट आले तर पुढचे सील गेले, ऑइल आले तर मागचे. आतली बातमी बाहेर आणणारी वाट ती. कित्येक जण हीच गळती समजून त्यात लांबी भरतात. मग कूलंटला ऑइलमध्ये शिरण्याशिवाय वाट राहत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी कुरकुंभला कामाला आहे. त्याच्याकडे अशीच एक जुनी स्पोर्ट बाईक. महिन्याभरात टाकीतली पातळी वरच्या रेषेवरून खालच्या रेषेवर येई. फरशी कोरडी, धूर नाही, ऑइल स्वच्छ. एका दुकानात गाडी गरम असताना दाब देऊन पाहिली, काही सापडले नाही, आणि शेवटी खात्रीसाठी म्हणून रेडिएटर बदलून दिला. त्याचा अर्ध्याहून जास्त पगार त्यात गेला. पातळी उतरतच राहिली. त्याच्या घरात लहान मुले आहेत आणि ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो जास्त घाबरला.

फाट्याजवळच्या मिस्त्रींनी गाडी धुतली, सुकवली, सरळ उभी केली आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी चालू न करता खालचे फेअरिंग काढले. पन्हळीच्या आत फिकट हिरव्या पापुद्र्याची एक रेघ होती. मग झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब दिला, त्यापेक्षा जास्त नाही. काटा हळूहळू उतरू लागला. दहा मिनिटांनी पंपाखालच्या छिद्राशी एक थेंब जमला, बराच वेळ लोंबकळला आणि पडला. नंतर गाडी तापवून पुन्हा दाब दिला तर काटा हलेना. थंड असताना रबर आखडते आणि धातूही. तापल्यावर दोन्ही फुगून फट बुजते. रोज रात्री दोन-चार थेंब पडत आणि सकाळच्या प्रवासात वाळून जात. गरम गाडीवर ती गळती कधीच सापडली नसती.

सील काढले तेव्हा कार्बनच्या चकतीची कड उडालेली निघाली. दांड्याला नखाने चर लागतो का ते पाहिले, लागला नाही, म्हणून दांडा तोच ठेवला. दोन्ही सील नवी, ऑइल स्वच्छ दिसत असूनही बदलले, कूलंट ताजे भरून हवा काढली. पोराने जुना रेडिएटर दुकानातून परत आणलेला होता. मिस्त्रींनी तो हौदात बुडवून हवा भरून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही.